१,७६,६३,१९,०४९ : एका संख्येची घडण

प्रश्न थोडक्यात असा. कन्नड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतले गणिताचे सर दहावीची लेकरं घेऊन पाटणादेवीला गेले होते. तिथे भास्कराचार्यांचा विषय निघाला आणि परतल्यावर एका मुलीने वहीत एक संख्या उतरवून आणली: १७६६३१९०४९. हिच्या वर्गातून २२६१५३९८० च्या वर्गाची ६१ पट वजा केली तर बरोबर १ उरतो, आणि हे आचार्यांचं उत्तर आहे, असं तिने वाचलं होतं. शाळेच्या संगणकावर एक्सेलमध्ये करून पाहिलं तर ० आलं. मग वर्गात प्रश्न सुरू झाले. आचार्यांचं उत्तर चुकलं होतं का? ही मूळ संख्या आहे का? यंत्र नसताना एवढी मोठी संख्या कुणाला सापडलीच कशी? आणि हिच्या अंकांत काही खास आहे का?

सर, मी पदवीच्या वर्गांना संख्या सिद्धांत शिकवत आलो आहे, ऑलिम्पियाडची तयारी करणाऱ्या मुलांनाही. ही संख्या माझ्या जिव्हाळ्याची आहे, म्हणून उत्तर लांबणार. माझं म्हणणं आधीच सांगतो: या संख्येबद्दल सांगण्यासारखं जे आहे ते सगळं तिच्या घडणीतून येतं. दहा अंकांकडे टक लावून बसलं तर हाती फारसं काही लागत नाही. पण ती ३९ आणि ५ या दोन आकड्यांपासून कशी बांधली गेली हे एकदा पाहिलं, की तिचे अवयव, तिच्या बाक्या, तिचा उपयोग एकेक करून उलगडत जातो.

आधी त्या शून्याचा निकाल लावू. उत्तर १ च आहे, आचार्य चुकलेले नाहीत. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच नेमके धरून ठेवतं. आपल्या संख्येचा वर्ग १९ अंकी आहे: ३११९८८२९८२८६०२६४४०१. दुसऱ्या बाजूची ६१ पट येते ३११९८८२९८२८६०२६४४००. दोन्हींचे पहिले १८ अंक सारखेच, फरक फक्त एकोणिसाव्या अंकात. पंधराव्या अंकापुढचं ज्याला नीट ठेवता येत नाही त्याला दोन्ही संख्या एकच वाटणार, आणि वजाबाकी ० येणार. मुलांना हे जरूर दाखवा. संगणकाने दिलेला आकडा किती अंकांपर्यंत खरा, हे विचारायची सवय याच वयात लागली पाहिजे.

मग खात्री कशी करायची? मोंढ्यातल्या आडत दुकानावर असतो तसला बारा अंकी कॅल्क्युलेटरही पुरतो. युक्ती अशी की संख्येचा वर्ग करायचाच नाही. तिच्या दोन्ही शेजाऱ्यांची विचारपूस करायची. एकने लहान असलेला शेजारी १७६६३१९०४८. त्याला २ ने भागा: ८८३१५९५२४. हा २९७१८ चा पूर्ण वर्ग आहे. एकने मोठा शेजारी १७६६३१९०५०. त्याला १२२ ने, म्हणजे ६१ च्या दुपटीने भागा: १४४७८०२५. हा ३८०५ चा पूर्ण वर्ग आहे. २९७१८ × २९७१८ आणि ३८०५ × ३८०५ हे गुणाकार मुलं हातानेही करू शकतात. आता ज्या संख्येचा वर्ग घेऊन १ वजा करायचा, तिच्या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार म्हणजेच ते उत्तर. हे आठवीतलं सूत्र आहे. म्हणून

१७६६३१९०४९ चा वर्ग − १ = (२ × २९७१८ × २९७१८) × (२ × ६१ × ३८०५ × ३८०५)

उजवीकडे ६१ एकदाच आहे, बाकी सगळं जोडीजोडीने. ६१ बाजूला काढला की उरतो (२ × २९७१८ × ३८०५) या संख्येचा वर्ग. आणि २ × २९७१८ × ३८०५ = २२६१५३९८०. झाली सिद्धता. एकोणीस अंकी संख्या कुठेही लिहावी लागली नाही.

हे दोन शेजारी मला या संख्येपेक्षाही महत्त्वाचे वाटतात. कुठल्याही मोठ्या संख्येसमोर बसलात की तिच्या आधीची आणि नंतरची संख्या पाहायची, ही सवय मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात लावतो.

आता ती सापडली कशी. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्यातल्या बीजगणिताच्या भागात ते मित्राला विचारतात: असा कोणता वर्ग, जो ६७ ने गुणून १ मिळवला तर पूर्ण वर्ग होतो, आणि कोणता वर्ग ६१ ने गुणून १ मिळवला तर होतो? ६७ चं उत्तर आटोपशीर आहे: ५९६७ आणि ४८८४२. ६१ चं मात्र कोटींच्या घरात जातं. याच्या दोन्ही बाजू पाहा. ६० घेतले तर ४ आणि ३१ वर काम भागतं (६० × १६ + १ = ९६१). ६२ घेतले तर ८ आणि ६३. मध्येच ६१ ला २२ कोटींपर्यंत जावं लागतं, त्याच्या आत एकही उत्तर नाही. एकेक संख्या घेऊन करून पाहायचं म्हटलं आणि सेकंदाला एक धरली, तर न झोपता सात वर्षांच्या वर लागतील. ज्याने हा आकडा निवडला त्याला तो नेमका कुठे अडतो हे ठाऊक होतं, याबद्दल मला शंका नाही.

या प्रकाराला आपल्याकडे वर्गप्रकृती म्हणतात. लहान मूळ ते कनिष्ठ, मोठं ते ज्येष्ठ, आणि मिळवायची संख्या तो क्षेप. सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने एक जबरदस्त साधन दिलं होतं, त्याचं नाव भावना. कनिष्ठ, ज्येष्ठ आणि क्षेप या तिघांची मिळून एक ओळ. अशा दोन ओळी हाती असल्या तर त्यांच्यापासून तिसरी ओळ तयार होते. नवं ज्येष्ठ म्हणजे दोन ज्येष्ठांचा गुणाकार अधिक ६१ गुणिले दोन कनिष्ठांचा गुणाकार. नवं कनिष्ठ म्हणजे तिरकस गुणाकारांची बेरीज, याला वज्राभ्यास म्हणत. आणि नवा क्षेप हा जुन्या दोन क्षेपांचा गुणाकार. भास्कराचार्यांच्या आधी जयदेव नावाच्या गणितज्ञाने यावर चक्रवाल पद्धत बसवली, आचार्यांनी ती नेटकी मांडली.

फळ्यावर करून दाखवा, सहा ओळींत संपतं. सुरुवात सोपी: ८ × ८ = ६४, म्हणजे ६१ × १ + ३.

कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३.

क्षेप १ हवाय, ३ आलाय. चक्रवाल सांगतो: अशी संख्या शोधा जी कनिष्ठाने गुणून ज्येष्ठात मिळवल्यावर ३ ने निःशेष भाग जाईल, आणि जिचा वर्ग ६१ च्या जवळ असेल. १, ४, ७, १० या चालतात. ७ चा वर्ग ४९, ६१ ला सर्वांत जवळचा. नवं कनिष्ठ (७ + ८) ÷ ३ = ५. नवं ज्येष्ठ (८ × ७ + ६१) ÷ ३ = ३९. नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४.

कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९, क्षेप −४.

ताळा पाहा: ३९ चा वर्ग १५२१, आणि ६१ × २५ = १५२५. इथे आचार्य चक्र फिरवत बसत नाहीत. क्षेप ४ आला की ब्रह्मगुप्ताची वाट मोकळी होते: दोन्ही मुळांना २ ने भागा, क्षेपाला आपोआप ४ ने भाग जातो. अपूर्णांकांना घाबरायचं नाही.

कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप −१.

ही ओळ तिच्याशीच भावनेने जोडा. ज्येष्ठ (१५२१ + १५२५) ÷ ४ = १५२३/२. कनिष्ठ १९५/२. क्षेप +१. क्षेप मिळाला, पण मुळं अजून अपूर्णांकात आहेत. म्हणून ही ओळ मागच्या ओळीशी जोडा. ज्येष्ठ (३९ × १५२३ + ६१ × ५ × १९५) ÷ ४ = (५९३९७ + ५९४७५) ÷ ४ = २९७१८. कनिष्ठ (३९ × १९५ + ५ × १५२३) ÷ ४ = (७६०५ + ७६१५) ÷ ४ = ३८०५. अपूर्णांक गेले.

कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८, क्षेप −१.

हेच ते दोन आकडे, जे आपल्याला शेजाऱ्यांकडे सापडले होते. शेवटची ओळ म्हणजे ही ओळ तिच्याशीच जोडायची. ज्येष्ठ = ८८३१५९५२४ + ८८३१५९५२५ = १७६६३१९०४९. कनिष्ठ = २ × २९७१८ × ३८०५ = २२६१५३९८०. क्षेप +१.

धूळपाटीवर करण्याजोगं एवढंच काम आहे. सगळ्यात मोठा गुणाकार पाच अंकी संख्येचा वर्ग.

पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्समध्ये फर्मा या गणितज्ञाने आपल्या समकालीनांना हेच कोडं घातलं, आणि उदाहरण म्हणून ६१ आणि १०९ हे आकडे दिले. त्याला भास्कराचार्यांचं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. दोघांनी ६१ निवडला, कारण अडचण खरोखर तिथेच आहे. इंग्लंडच्या ब्राउंकरने पद्धत शोधून उत्तर काढलं. पुढे ऑयलरने नजरचुकीने त्याचं श्रेय पेल या गणितज्ञाला दिलं आणि जगभर ‘पेलचं समीकरण’ हे नाव रूढ झालं. आपल्या वर्गात तरी वर्गप्रकृती म्हणा, असा माझा आग्रह आहे. ते नाव जुनंही आहे आणि खरंही.

मराठवाड्याच्या मुलांना यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. पाटणच्या, म्हणजे तुम्ही गेलात त्या पाटणादेवीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेलं, आणि नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. त्यानेच आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि यादवांचे मांडलिक निकुंभ यांच्यापैकी सोइदेवाने त्याला देणगी दिली. (ज्ञानेश्वरांच्या कथेतले योगी चांगदेव ते वेगळे, मुलं हमखास गल्लत करतात.) यादवांची राजधानी देवगिरी, म्हणजे आपला दौलताबाद. तुमच्या शाळेतून तो किल्ला काही फार लांब नाही. आचार्यांचं जन्मगाव बीड की पाटण की आणखी कुठलं, या वादात मी पडत नाही. पण त्यांची विद्या देवगिरीच्या छायेत जपली गेली, याला दगडावर कोरलेला पुरावा आहे.

आता मूळ संख्येचा प्रश्न. दिसायला ती तशी वाटते खरी: शेवटी ९, अंकांची बेरीज ४६, त्यामुळे २, ३, ५ यांपैकी कशानेच भाग जात नाही. पण ती मूळ नाही, आणि तिचा एक अवयव आपण वर पाहिलासुद्धा आहे. १५२३/२ हे ज्येष्ठ आठवा. शेवटची ओळ म्हणजे त्या ओळीची स्वतःशीच तीनदा केलेली भावना आहे. क्षेप १ असताना अशा तिहेरी भावनेचं ज्येष्ठ असं येतं: मूळ ज्येष्ठ × (४ × त्याचा वर्ग − ३). १५२३/२ घालून पाहा:

१५२३ × (१५२३ × १५२३ − ३) ÷ २ = १५२३ × ११५९७६३ = १७६६३१९०४९

म्हणजे वाटेत जो अपूर्णांकाचा अंश होता तोच अवयव होऊन संख्येत बसला आहे. मला स्वतःला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

उरलेल्या ११५९७६३ ला ११ ची कसोटी लावा. एकाआड एक अंकांच्या बेरजा: १ + ५ + ७ + ३ = १६ आणि १ + ९ + ६ = १६. फरक ०, म्हणून ११ ने भाग जातो: १०५४३३. इथून पुढे मुलं ७, १३, २३ असे भाग देत सुटतील. त्यांना थांबवा, एक नियम वेळ वाचवतो. आपली संख्या २ × २९७१८ × २९७१८ + १ आहे, म्हणजे ‘एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची दुप्पट’ या साच्यातली, आणि १ व २९७१८ यांना सामाईक अवयव नाही. अशा संख्येच्या कोणत्याही विषम मूळ अवयवाला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ३ च उरते. हा नियम फर्माच्या काळापासून माहीत आहे. त्यामुळे ७, १३, २३, २९, ३१, ३७, ४७, ५३ यांना हातही लावायचा नाही. उरतात १७, १९, ४१, ४३, ५९. पहिले चार जात नाहीत. ५९ जातो: १०५४३३ = ५९ × १७८७. आणि १७८७ व १५२३ दोन्ही मूळ आहेत. ४१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की खात्री पटते.

१७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

समजा मुलांना १५२३ ची गुपितं सांगायची नाहीत, त्यांना शोधू द्यायचं आहे. तर ११ आणि ५९ काढून २७२१६०१ हाती द्या आणि फर्माचीच अवयव पाडायची पद्धत वापरायला लावा. या संख्येहून किंचित मोठा पूर्ण वर्ग घ्यायचा आणि वजाबाकी पूर्ण वर्ग येते का ते बघायचं. १६५० पासून सुरू करा. वजाबाक्या येतात ८९९, ४२००, ७५०३, १०८०८, १४११५. यातला एकही पूर्ण वर्ग नाही, जरी ८९९ आणि १०८०८ चकवतात (९०० आणि १०८१६ वर्ग आहेत). पुढचा १६५५: वजाबाकी १७४२४, हा १३२ चा वर्ग. म्हणून अवयव १६५५ − १३२ आणि १६५५ + १३२, म्हणजे १५२३ आणि १७८७. दहावीच्या तासाला चांगली वीस मिनिटं रंगतात.

त्या साच्याचा आणखी एक धागा आहे. संख्या ‘वर्ग अधिक दुप्पट वर्ग’ या साच्यातली असली, तर तिचे विषम मूळ अवयवही त्याच साच्यात बसतात. पाहा: ११ = ३ × ३ + २ × १ × १. ५९ = ३ × ३ + २ × ५ × ५. १७८७ = २७ × २७ + २ × २३ × २३. आणि १५२३ = ३९ × ३९ + २ × १ × १. हा ३९ कोणता ते ओळखलं असेलच. दुसऱ्या ओळीतलं ज्येष्ठ. पायाचा दगड चार मजले चढून पुन्हा दिसतो.

चौघांना २४ ने भागून बाकी बघा. चारही वेळा ११. यातलं किती अपरिहार्य आणि किती योगायोग, हे वेगळं करता आलं पाहिजे. ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ३, हे वरच्या नियमाने आलं. ११, ५९ आणि १७८७ हे ‘१५२३ चा वर्ग वजा ३’ याचे अवयव असल्यामुळे त्यांना १२ ने भागल्यावर बाकी १ किंवा ११ च येऊ शकते. दोन्ही अटी जुळवल्या की २४ ने भागल्यावर १ किंवा ११ एवढेच पर्याय उरतात. पण १५२३ वर ३ ची अट लागू नाही. त्यालाही ११ च बाकी यावी, यात नशिबाचा भाग आहे. जे सिद्ध होतं ते आणि जे नुसतं जुळलं ते एकाच आवाजात सांगू नये.

म्हणूनच अंकांच्या जादूबद्दल माझं उत्तर कोरडं आहे. ४६, मग १०, मग १, अशी बेरीज करून कुणी ‘शेवटी एकच उरतो’ म्हणून डोलायला लागलं तर त्याला कारण विचारा. कारण आहे, आणि ते घडणीत आहे: २९७१८ = २ × ९ × १३ × १२७. यात ९ आहे, म्हणून त्याच्या वर्गात ८१ आहे, म्हणून आपल्या संख्येला ९ ने काय, ८१ ने भागलं तरी बाकी १ च उरते. १६९ ने भागलं तरी १. शुभ-अशुभाशी याचा काडीचा संबंध नाही.

हिचा उपयोग काय, असंही मुलं विचारतील. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागा, ६१ चं वर्गमूळ मिळतं: ७.८१०२४९६७५९०६६५४३९… यात पहिली चूक दशांश चिन्हानंतर अठराव्या स्थळी येते. ५० बाय ६० च्या प्लॉटचा कर्ण या वर्गमुळाची दहापट असतो, ७८ फूट सव्वा इंच. गवंड्याला एवढं पुरतं, त्याला अठरा स्थळं नकोत. पण हीच गोष्ट मोठ्या मापात बघा. ६१ म्हणजे २५ + ३६. म्हणून कनिष्ठाच्या पाचपट आणि सहापट बाजूंचा आयत घेतला, १,१३,०७,६९,९०० आणि १,३५,६९,२३,८८०, तर त्याचा कर्ण आपल्या संख्येहून अगदी किंचित कमी भरतो. बाजू मिलिमीटरमध्ये धरा. आयत सुमारे ११३१ किलोमीटर बाय १३५७ किलोमीटरचा होईल, आणि कर्ण पूर्ण मिलिमीटरला जेवढा कमी पडेल ते अंतर अणूच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही लहान असेल. त्याच आयतावर फक्त १ मिलिमीटर उंचीची पेटी उभी केली तर तिचा आतला कर्ण नेमका १७६६३१९०४९ मिलिमीटर भरतो, एक कणही इकडे-तिकडे नाही.

यावरून एक बारीक प्रश्न मुलांना घाला: ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे का? ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, त्यामुळे आशा वाटते. पण ११ ला ४ ने भागल्यावर ३ उरतात आणि ११ हा अवयव एकदाच आला आहे, तेवढ्याने ती शक्यता संपते. तीन वर्गांची बेरीज मात्र ती आहे, आणि कशी ते आपण आधीच लिहिलं आहे: २९७१८ चा वर्ग, पुन्हा २९७१८ चा वर्ग, आणि १.

६१ च एवढा हट्टी का, याचं थोडक्यात उत्तर असं की त्याच्या वर्गमुळाचा वितत अपूर्णांक (पूर्णांक अधिक १ भागिले काही, त्या छेदात पुन्हा तसंच, असा खाली उतरत जाणारा) लिहिला तर आकडे अकराव्या पायरीनंतर पुन्हा सुरू होतात. पुनरावृत्ती जितकी उशिरा, तितकी उत्तरं मोठी, असं ढोबळमानाने म्हणता येतं. त्यात अकरा विषम आहे, म्हणून आधी क्षेप −१ ची ओळ (२९७१८, ३८०५) येते आणि +१ साठी तिचीच भावना करून आकार दुपटीने लांबवावा लागतो. १०९ च्या आधी यापेक्षा मोठं उत्तर कुठेच नाही.

वर्गात करायला लगेच ६१ देऊ नका. १३ द्या, रस्ता तोच आहे आणि सगळं एका फळ्यावर मावतं. ३ × ३ = १३ − ४, म्हणजे कनिष्ठ १, ज्येष्ठ ३, क्षेप −४. निम्मे करा, स्वतःशी जोडा: ११/२ आणि ३/२. मागच्या ओळीशी जोडा: १८ आणि ५, क्षेप −१ (३२४ आणि ३२५). शेवटी ६४९ आणि १८०. ६४९ चा वर्ग ४२१२०१, आणि १३ × ३२४०० = ४२१२००. आता ६४९ चे अवयव पाडायला सांगा. ११ × ५९ येतात, आपल्या संख्येतलेच दोन. ११ हा तिथला १५२३ आहे: ३ × ३ + २. हे दोन अवयव दोन्हीकडे यावेत यामागे मात्र मला नियम दिसत नाही, इथे योगायोगच म्हणायचं.

गृहपाठाला ५३ द्या. ७ × ७ = ५३ − ४ पासून सुरुवात, उत्तर ९१०० आणि ६६२४९ आलं पाहिजे, आणि ६६२४९ ला ५१ ने भाग गेला पाहिजे. ज्या मुलीने ही संख्या वहीत आणली तिला १०९ द्या. तिथे कनिष्ठ २५, ज्येष्ठ २६१, क्षेप −४ ही ओळ तिला स्वतः शोधू द्या, फार अडली तरच सांगा. पुढे अवयव आधी पाडून घ्यायचे: २६१ × २६१ + २ = ६८१२३ हा एक, आणि त्याच्या वर्गातून ३ वजा करून निम्मे केले की २३२०३७१५६३ हा दुसरा. दोन्हींचा गुणाकार १५८०७०६७१९८६२४९ येतो. तो एक्सेलमध्ये करू द्यायला हरकत नाही, पंधरा अंकांत नेमका बसतो.